किल्ली घरात असते

पाटीवर नाव फिलिपचं होतं. ‘फि. यो. साळवे, निवृत्त जमादार. खासगी चौकशीची कामे विश्वासाने करून मिळतील.’ पाटीच्या आतल्या बाजूला, खिडकीशी, त्याची विधवा भावजय मरियाबाई मटार सोलत बसलेली असायची आणि चौकशीची कामं खरं तर ती करायची. तिचा उभा जन्म मिशन हॉस्पिटलच्या बाळंतविभागात गेलेला. कळा सोसतानासुद्धा बायका कशा खोटं बोलतात हे ज्या बाईनं ऐकलंय, तिला पुढं कोण फसवणार? फिलिप पोलिसात राहून एवढंच शिकला होता, की गुन्हेगार सापडेपर्यंत आपले गुडघे जातात.

पौषातल्या एका दुपारी आप्पासाहेब नगरला येऊन त्यांचा जिना चढले. राहुरीच्या पुढं कासारथडी आहे, तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. धोतर, लोकरी कोट आणि टोपीवर एसटीची धूळ.

“चेअरमन असून एसटीनं?” फिलिपच्या तोंडून निसटलं.

“जीप झाकून ठेवलीय. अरबांनी तेलाचा नळ आवळला आन् आमच्या जिपीत कोंबड्या अंडी घालाया लागल्या.” आप्पासाहेब हसले, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. “त्याच्यापायीच तर हा सगळा घाट घातला, जमादार.”

घाट असा होता. ऊस पिळून साखर निघाली की मागं काळी, चिकट मळी राहते. ती आजवर ठेकेदार उचलायचा. ती आंबवून तिचं स्पिरिट काढायचं, ते पेट्रोलात मिसळतं. आणि उसाचं चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते नव्या बॉयलरला घालायचं. वाफेवर टर्बाइन फिरेल, कारखान्याचं भागून उरलेली वीज गावाला आणि विहिरींवरच्या मोटारींना मिळेल. कारखान्याच्या बोर्डाचं म्हणणं, आधी स्पिरिट काढून दाखवा, मग बॉयलरचं बोला.

“मग काढा की,” फिलिप म्हणाला.

“निघंना. मळी आंबवाया विरजण लागतं. आमचा केमिस्ट त्याला यीस्ट म्हनतो. कुलपातल्या खोलीत हंड्यात ते वाढवायचं आन् मग मोठ्या टाकीत सोडायचं. तीन खेपा झाल्या. टाकीत सोडायच्या आदल्या रात्री ते हंड्यातच बिघडतं. कुलूप जागच्या जागी.”

“किल्ल्या किती?” मरियाबाईंनी मटारातून मान वर न काढता विचारलं.

“दोन. एक केमिस्टच्या गळ्यात. दानीएल शिरसाठ, तुमच्यातलाच पोरगा. दुसरी घरात असती.”

मरियाबाईंचा हात शेंगेवर जरासा थांबला. पुन्हा चालू झाला.

“शनवारी बोर्ड बसतंय,” आप्पासाहेब म्हणाले. “आमचे एक डायरेक्टर हायेत, कारभारी वाकचौरे. ते म्हनत्यात केमिस्टनं ठेकेदाराशी संधान बांधलं, मुद्दाम नासवतोय. त्याला पोलिसात द्या, मळी परत ठेकेदाराला द्या, बॉयलर ऱ्हाऊ द्या. पोरगा तसा न्हाई, बाई. पर किल्ली त्याच्या गळ्यात. त्याच्याबिगर मी दुसऱ्या कुनाचं नाव घेऊ?” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी थकलो. एवढं एक उभं राहिलं की बसनार हुतो.”

“भावजी,” मरियाबाई उठल्या, “स्वेटर घ्या. तिकडे उसात थंडी जास्त असते.”

*

कासारथडीला उतरल्यावर आधी वास आला, मग चिमणी दिसली. जळक्या गुळाचा तो वास कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा शिरतो म्हणे. उसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार कॅनॉलपर्यंत लागली होती. बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या आणि गाडीवानांच्याही.

दानीएल शिरसाठ दारातच उभा होता. सडसडीत, दाढी वाढलेली, गळ्यात काळ्या दोऱ्याला किल्ली. त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर बांधाबांध केलेली ट्रंक ठेवलेली दिसत होती.

“कुठे निघालात?” मरियाबाईंनी विचारलं.

“दीनानं, माझ्या बायकोनं बांधलीय. म्हणते, पोलीस आले तर निदान भांडी शोधत बसायला नको.” तो हसलाही नाही. “परवा तिसरी खेप गेली. तेव्हापासून खोली मी तशीच बंद ठेवलीय.”

त्यानं कुलूप काढलं. खोली लहान, शहाबादी फरशीची. वरती एक झरोका, त्याला बारीक जाळी. मधोमध लोखंडी तिवईवर गुडघ्याएवढा स्टीलचा हंडा. कोपऱ्यात जाडसं पोतं. बाकी काही नाही. चोराला लपायला सोडाच, नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

“पहिल्या खेपेपासून सांगा. घाई नाही.”

“पहिल्या खेपेला ते मेलं नव्हतं, बाई. गारठ्यानं मंदावलं होतं. सकाळी हंडा बर्फासारखा. मी जागं करायचा प्रयत्न केला, पण तोवर दुसरे जंतू शिरले आणि सगळं आंबट झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला मात्र मेलंच. सूक्ष्मदर्शकाखाली एकही जिवंत पेशी नाही.”

“तेव्हाही हंडा गारच?”

“नाही, कोमट होता. यीस्ट वाढायला लागलं की स्वतःची ऊब धरतं. म्हणून तर हात लावल्यावर वाटलं, या खेपेला जमलं.” त्यानं हंड्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. “आत कुणी आल्याची काहीही खूण नव्हती. नुसती मांजर होती.”

“कुठली मांजर?”

“मळी. काळी आहे म्हणून तिला सगळे मळी म्हणतात. संध्याकाळी कुलूप लावताना पायांतून आत शिरली असेल.”

“तिन्ही खेपांना?”

दानीएलनं आठवून पाहिलं. “पहिल्या खेपेला नव्हती. नंतरच्या दोन्ही खेपांना होती.”

“इथे होती, पोत्यावर?”

“नाही. तिवईखाली. फरशीवर चांगले पाय ताणून झोपली होती. उठवलं तर माझ्यावरच गुरकावली.”

फिलिपनं वाकून तिवईखाली हात टेकला. फरशीचा गारवा कोपरापर्यंत चढला. उठताना त्यानं नाक वर केलं, हुंगलं आणि न राहवून म्हणाला, “वहिनी, इथं भज्यांचा वास येतोय.”

“भूक लागली असेल, भावजी.”

“खरंच येतोय. मळीचा वास आहेच, त्याच्याखाली भजी.”

मरियाबाई हसल्या. पण मग पदर सावरून त्याही खाली बसल्या, तिवईपाशी नाक नेलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा हसत नव्हत्या.

*

टाक्यांवर रात्रपाळीला सहादेव असायचा. खोलीचं दार त्याच्या बिछान्यावरून सरळ दिसे. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, डोळे लाल.

“परवा रात्री इथं कोण आलं होतं?” फिलिपनं जमादारी आवाज काढला.

“परकं कुनीबी न्हाई.”

“झोपला असशील.”

“सायेब, ह्या गारठ्यात ज्याला झोप लागंल त्यो मेलाच समजायचा.” सहादेवनं हात काखेत घातले. “कारभारी आन्ना आल्ते मळीचा डबा न्याया, बैल दुखन्यात हाय त्यांचा. त्ये हितं टाकीपातूरच, खोलीकडं न्हाई गेले. मग पहाटं चहा आला, त्यो प्यालो. भोंगा झाला. केमिस्टसायेब आले. झालं.”

“चहा गरम होता?” मरियाबाईंनी विचारलं.

फिलिपला वाटलं, वहिनींनाही आता थकवा आला.

“जीभ भाजंल असा. रोजच असतुया. ऊस गळिताच्या दिसांत तेवढंच सुख, बाई.”

*

कारभारी वाकचौरे वजनकाट्यापाशी भेटले. आडवा बांधा, पिळाच्या मिशा आणि दुरूनच टोला.

“या जमादार! विरजनाचा खून झाला म्हनं. पंचनामा कुनाचा करनार, दह्याचा का ताकाचा?”

“आधी तुमचा जबाब घेऊ,” फिलिप म्हणाला. “परवा रात्री तुम्ही टाकीपाशी होता.”

“हुतो की. डबा घेऊन गेलो, डबा घेऊन आलो. लपून न्हाई.” कारभारींची चेष्टा एकाएकी संपली. “ऐका. मागल्या दुष्काळात ह्याच चिपाडाला मळी चोळून आमी छावनीतली गुरं जगवली. सरकारी चारा यायच्या आधी. आता म्हनं मळी मोटारी पिनार आन् चिपाड बॉयलर खानार. पुन्यांदा पाऊस न्हाई झाला तर गुरांना काय वीज चारू?”

मरियाबाईंनी मान डोलावली, म्हणजे मुद्दा पटला होता.

“तुम्हाला केमिस्टवर संशय का?” फिलिपनं विचारलं.

“दुसरी किल्ली आप्पासायबाच्या घरात. मग उरला कोन? आप्पासायब सोताच्या पायावर धोंडा घालनार व्हय?” कारभारींनी मिशी चोळली. “पोराची भाषाच न्यारी. पहिली खेप गेली त्या दिशी बंगल्यावर पंगतीला हुतो आमी. हे म्हनतंय, थंडी बाधली, बाळंतिनीच्या खोलीगत जपाया पायजे. मला असं हसू फुटलं, वैनींनी वाढलेली आमटी नाकात गेली. तवापासनं मी बोर्डात इचारतो, काय आप्पासायब, बाळ बाळसं धरतंय का न्हाई?”

*

संध्याकाळी जेवण आप्पासाहेबांच्या बंगल्यावर होतं. बंगला म्हणायचा एवढंच. चार खोल्या, पुढं ओटा, झेंडूची रोपं. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई वाढत होत्या. ठेंगण्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या, चालताना कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळायचा. कोपऱ्यात शेगडीवर दूध तापत होतं.

“वहिनी, तुम्ही बसा ना आमच्याबरोबर,” मरियाबाई म्हणाल्या.

“बसते की मागनं. तुमी दवाखान्यात हुता न्हवं?” चांगुणाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं. “थंडीच्या दिसांत झालेली लेकरं... वाचत्यात का हो समदी?”

“ऊब मिळाली तर वाचतात. तुम्हाला मुलंबाळं?”

“झालं हुतं एक. राहिलं न्हाई.” आणि त्या आतून दुसरी भाकरी आणायला गेल्या. टोपल्यात चार भाकऱ्या होत्या, तरी गेल्या.

आप्पासाहेबांनी आमटीत भाकरी कुस्करली. मग म्हणाले, “हिला झोप नसती. पहाटं उठून रात्रपाळीच्या मानसांना चहा हीच नेती. नोकर हायेत, पर न्हाई ऐकत.”

जेवणं झाल्यावर फिलिपनं आपलं काम केलं. लोखंडी कपाट मधल्या खोलीत होतं, बंद. यीस्टच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्यातच असणार. पण खुद्द कपाटाची किल्ली? त्यानं खुंट्या पाहिल्या, देवघराचा कोनाडा पाहिला, घड्याळामागं हात घातला, गादीखाली घातला. ओट्यावर येऊन कुजबुजला, “वहिनी, प्रकरण गंभीर आहे. आप्पासाहेब म्हणाले किल्ली घरात असते. घरात कुठंही नाही. चोरीला गेलीय.”

मरियाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. फार मायेनं पाहिलं, आणि म्हणूनच त्याला राग आला.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमचं लग्न झालं असतं तर हा प्रश्न तुम्हाला पडला नसता.”

*

शनिवारी सकाळी, बोर्ड बसायच्या आधी, मरियाबाईंनी सगळ्यांना यीस्टच्या खोलीपाशी बोलावलं. आप्पासाहेब, कारभारी, दानीएल आणि घोंगडीतला सहादेव. खोलीत मावेनात म्हणून दार उघडं टाकून बाहेरच्या बाकांवर बसले. मळी मांजर दानीएलच्या मांडीवर चढू बघत होती आणि तो तिला दर वेळी उतरवत होता.

“मी एक गोष्ट आधी सांगते,” मरियाबाई म्हणाल्या. “गुन्हा झालेला नाही. कुणाचंही नाव घेण्याची गरज नाही. काय झालं तेवढं सांगेन, आणि शिरसाठांनी ट्रंक सोडावी.”

“तसं न्हाई चालायचं,” कारभारी म्हणाले. “नाव न्हाई तर नाव केमिस्टचंच.”

मरियाबाईंनी उसासा टाकला. “बरं. मग ऐका. शिरसाठ म्हणाले, मेलं होतं, पण हंडा कोमट होता. भावजी, तुम्ही नोकरीत इतकी प्रेतं पाहिलीत. प्रेत कोमट लागतं का?”

“ताजं असलं तर लागतं. मग गार पडतं,” फिलिप म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात उजेड पडला. “म्हणजे ऊब त्याची स्वतःची नव्हती!”

“यीस्ट जिवंत असेल तर स्वतःची ऊब धरतं. एकही पेशी जिवंत नसताना, पौषातल्या रात्री, हंडा कोमट कसा? कुणीतरी तो बाहेरून तापवला. इतका तापवला, की आतलं सगळं मेलं. सकाळपर्यंत निवून कोमट झाला.”

दानीएलनं कपाळाला हात लावला. “मी हात लावून खूश झालो होतो.”

“तापवला कशानं? मळी सांगते.” मांजरीनं नाव ऐकून कान हलवले. “मांजर थंडीत पोतं सोडून उघड्या फरशीवर झोपेल का? ती फरशी तेव्हा गरम होती. तिवईखाली निखारे ठेवलेले होते, आणि ते उचलल्यावर मांजर त्या जागी जाऊन पसरली. संध्याकाळी ती आत शिरलीच नव्हती. पहाटे दार उघडलं तेव्हा ऊब पाहून शिरली. पहिल्या खेपेला आत निखारे नव्हते, म्हणून मांजरही नव्हती. तेव्हा थंडी होती, नुसती थंडी.”

“निखारे आनले कुनी?” कारभारी आता पुढं सरकून बसले होते.

“भज्यांचा वास,” मरियाबाई म्हणाल्या. “भावजींना आला. भज्यांत काय घालतात? ओवा. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी कुठे देतात, ते इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, दार लोटलेलं. शिरसाठ, तुम्ही पंगतीत म्हणालात, बाळंतिणीच्या खोलीसारखं जपायला पाहिजे. तुम्हाला म्हणायचं होतं स्वच्छता. परका माणूस नको, वारा नको. पुरुष सगळे हसले. एका माणसाला हसू आलं नाही. त्यानं ते खरं धरलं.”

कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर मोळ्या पडत होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

“पंगतीत आमी चौघं पुरुष हुतो,” आप्पासाहेब हळू म्हणाले. “आन् वाढाया...” त्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

“सहादेव म्हणाला, परकं कुणी आलं नाही. खरंच बोलला तो. रोज पहाटे जे माणूस शेगडीवर किटली ठेवून चहा घेऊन येतं, ते परकं कसं? जीभ भाजेल असा चहा शेगडीशिवाय येतो का इथवर? आणि दुसऱ्या किल्लीबद्दल, आप्पासाहेब, तुम्ही नगरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. किल्ली घरात असते. भावजींनी बिचाऱ्यांनी गादीखालीसुद्धा शोधली.”

आप्पासाहेबांच्या पिढीची माणसं बायकोला घरात म्हणतात. घरात विचारतो. घरात बरं नाही. फिलिपनं हे जन्मभर ऐकलं होतं. आपण गादीखाली हात घालून काय शोधत होतो ते कळल्यावर त्याचे कान तापले.

किल्ल्या खुळखुळल्या तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. चांगुणाबाई टाकीच्या वळणावर उभ्या होत्या. एका हातात शेगडी, तिच्यावर किटली, दुसऱ्या हातात कपांची पाटी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी शेगडी खाली ठेवली. अगदी सांभाळून ठेवली.

“मीच,” त्या म्हणाल्या. “चहा वाटून हुईस्तवर ठिवायची खाली. येताना काढून न्यायची. दुसऱ्या खेपेला थोडा इस्तू घातला. तरी न्हाई जगलं. म्हनून तिसऱ्या खेपेला जास्ती घातला, वर ओवा टाकला.” त्यांनी मरियाबाईंकडं पाहिलं. “गरमीनं गेलं व्हय?”

मरियाबाईंनी मान डोलावली. खोटं सांगायची त्यांना फार इच्छा झाली असावी, असं फिलिपला वाटलं.

“माझं थंडीनं गेलं हुतं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “ह्या कारखान्याच्या जागी तवा नुसतं माळरान हुतं. पाचटाच्या कोपीत झालं. हे लाकडं आनाया गेलं, तर वल्ली मिळाली. पेटंनात. रातभर पोटाशी धरलं, पर माझ्या अंगातच ऊब नव्हती.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्या पंगतीत हे पोरगं म्हनलं, थंडी बाधली. मी म्हनलं, आता घरात कोळशाची पोती हायेत. आता कशापायी जाऊ द्यायचं?”

आप्पासाहेब उठले. त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला.

“मला बोलली न्हाईस.”

“सांगून धुरी देत न्हाईत. दृष्ट लागती.” मग जरा थांबून, “आन् तुमी तरी कवा त्याचं नाव काढलं?”

आप्पासाहेब तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, एवढंच त्यांना सुचलं. लोकांदेखत इतक्या जवळ ते कदाचित पहिल्यांदाच उभे राहिले असतील.

सहादेव घोंगडीत तोंड लपवून म्हणाला, “आक्का, तुमी खोलीत गेलात त्ये म्या बघितलं हुतं. पर तुमचं काय सांगायचं?”

चांगुणाबाई दानीएलकडं वळल्या. “माज्यापायी तुज्या बायकूनं ट्रंक बांधली. मला काय ठावं, बाबा.”

दानीएलनं गळ्यातली किल्ली उगाचच मुठीत धरली. मग म्हणाला, “काकू, औषध बरोबर होतं. थंडीच बाधत होती त्याला. मीच ऊब द्यायची काही सोय केली नव्हती. फक्त मात्रा चुकली.”

“निखारे नकोत,” मरियाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वॉर्डातला होता. “सातव्या महिन्यात झालेल्या पोराला आम्ही निखाऱ्यावर ठेवत नव्हतो. नुसतं लपेटायचं आणि वारा बंद करायचा. त्याची ऊब त्यालाच पुरते.”

सगळ्यांनी कारभारींकडं पाहिलं. आता हे गावभर सांगतील. चेअरमनच्या बायकोनं विरजण भाजलं, यावर पुढच्या निवडणुकीपर्यंत हसता आलं असतं. कारभारी मिशी चोळत होते. मग त्यांनी पाटीतला एक कप उचलला आणि किटलीखाली धरला.

“वैनी, चहा वता. गार हुतोय.” एक घोट घेऊन ते म्हणाले, “चौथ्या खेपेचा ठराव मी मांडतो. पर आप्पासायब, त्यात एक ओळ पायजे. दुष्काळ पडला तर बॉयलर बंद, चिपाड आन् मळी आधी गुरांना.”

“लिव्हा,” आप्पासाहेब म्हणाले. “मी सही करतो.”

*

फिलिपला वाटलं, आता घरी. पण मरियाबाई बसल्याच. “अर्धं बाळंतपण टाकून मी कधी ड्युटीवरून गेले नाही,” म्हणाल्या. मग तोही बसला. गुडघ्यांना ऊन देत.

नवं विरजण हंड्यात पडलं. लपेटायच्या दिवशी चांगुणाबाई बंगल्यावरून एक बोचकं घेऊन आल्या. आत दुपटं होतं. पांढऱ्यावर लाल टाके, घड्यांच्या जागी पिवळं पडलेलं, एकदाही न वापरलेलं. त्यांनी ते हंड्याला गुंडाळलं तर निम्म्यालाच पुरलं. मग दोघींनी त्यावरून एक जुनं लुगडं चौपदरी करून बांधलं. दानीएलनं थर्मामीटर खोचला. झरोक्याला आप्पासाहेबांनी स्वतः स्टुलावर चढून पोतं लावलं. चेअरमन स्टुलावर आणि जमादार स्टूल धरून. दार ओढून घेतल्यावर चांगुणाबाईंनी जुडग्यातनं दुसरी किल्ली सोडवली आणि दानीएलच्या हातात ठेवली.

सकाळचा भोंगा झाला तेव्हा सगळे दाराशी होते. बोलावलं कुणीच नव्हतं. दानीएलनं कुलूप काढलं. मांजर आधी आत शिरायला बघत होती, तिला सहादेवनं घोंगडीत धरलं.

दानीएलनं लुगड्यात हात घातला, पण काही बोलला नाही. मागच्या दोन खेपांना तो हात लावूनच फसला होता. तो सूक्ष्मदर्शक आणायला वळला, तेवढ्यात कारभारी वाकले आणि त्यांनी आपला कान हंड्याला लावला. मिशा लुगड्यात गेल्या.

दारातून आत यायला चांगुणाबाईंचं पाऊल उठत नव्हतं. “जितं हाय का?” त्यांनी बाहेरूनच विचारलं.

“जितं हाय का काय इचारता, वैनी,” कारभारी कान न काढता म्हणाले. “फसफसून लई दंगा करतंय.”